जंक्शनमधल्या नॉइजवरून इलेक्ट्रॉनांची जोडी कशी ओळखतात आणि त्यावरून काय म्हणू नये

भौतिकशास्त्रात नुकतंच संशोधन सुरू केलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. अतिसंवाहक म्हणजे ठरावीक ‘क्रांतिक’ तापमानाखाली विद्युतरोध शून्य होणारा पदार्थ. कॉपर ऑक्साइडच्या अतिसंवाहकांत क्रांतिक तापमानाच्या वरही इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात, असं सांगताना जंक्शनमधल्या (दोन वाहकांच्या सांध्यातल्या) विद्युत नॉइजचा, म्हणजे प्रवाहातल्या अनियमित चढउतारांचा, पुरावा दिला जातो. नॉइजवरून जोडी कळते कशी? आणि आमच्या जंक्शनमध्ये ४.२ केल्विनला फॅनो फॅक्टर (मोजलेला नॉइज एकेकट्या इलेक्ट्रॉनांच्या नॉइजच्या किती पट आहे तो आकडा) १.६ येतोय, तर तिथे अपारंपरिक, म्हणजे नेहमीच्या अतिसंवाहकांपेक्षा वेगळ्या प्रकारची, जोडी आहे असं लिहिता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते प्रबंधात छापलं जाणार आहे. एवढ्यावर लिहू नका. नॉइज भाराचा गठ्ठा केवढा आहे ते सांगतो. गठ्ठ्यातले इलेक्ट्रॉन कोणत्या कारणाने एकत्र आले, जोडीची सममिती (जोडीच्या लहरीचा दिशेनुसारचा आकार) एस आहे, डी आहे की पी, यातलं काहीही तो सांगत नाही. शिवाय गठ्ठ्याचा आकारही तो ठरावीक परिस्थितीतच खरा सांगतो. ती परिस्थिती कोणती, हेच या उत्तरात नीट मांडायचं आहे.

मुळापासून सुरुवात करू. वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये निर्वात नळीतल्या प्रवाहाबद्दल दाखवलं की भार सुट्या कणांच्या रूपात येतो म्हणून प्रवाह कधीच पूर्ण स्थिर राहू शकत नाही. समजा, एका ठरावीक वेळात सरासरी १०० इलेक्ट्रॉन अडथळा ओलांडतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याची दखल न घेता ओलांडतो. मग प्रत्यक्ष मोजणीत साधारण १० चा चढउतार दिसेल, म्हणजे विचरण (चढउताराचा वर्ग) १००. आता तेच १०० इलेक्ट्रॉन जोडीजोडीने गेले, तर घटना ५०, घटनांच्या संख्येतला चढउतार सुमारे ७, आणि इलेक्ट्रॉनांत मोजला तर सुमारे १४. विचरण झालं २००. सरासरी प्रवाह तोच, नॉइज दुप्पट. साध्या विद्युतधारामापकाला या दोन प्रवाहांत काडीचाही फरक दिसणार नाही. नॉइज मोजण्याची सगळी किंमत या एका गोष्टीत आहे.

शॉटकींचं सूत्र शब्दांत सांगायचं तर नॉइजची घनता म्हणजे भार गुणिले प्रवाह, त्याची दुप्पट. मोजलेल्या नॉइजला एका इलेक्ट्रॉनच्या भारासाठी काढलेल्या या किमतीने भागलं की फॅनो फॅक्टर मिळतो. १ नॅनोअँपिअर प्रवाहासाठी एकेकट्या इलेक्ट्रॉनांचा शॉट नॉइज, म्हणजे भार सुटा असल्यामुळे होणारा हा नॉइज, सुमारे १८ फेम्टोअँपिअर प्रति वर्गमूळ हर्ट्झ येतो, जोड्यांसाठी सुमारे २५ (घनतेचं वर्गमूळ घेतल्यामुळे इथे फरक दुपटीऐवजी सुमारे १.४ पट दिसतो). हे आकडे मुद्दाम दिले, म्हणजे आपण किती बारीक फरकाच्या मागे आहोत ते लक्षात येईल.

ही पद्धत विश्वासाची आहे का? आहे, आणि ती अवघड परीक्षांतून पार पडलेली आहे. १९९७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या आणि फ्रान्समधल्या साक्ले इथल्या गटांनी याच मार्गाने अपूर्णांकी क्वांटम हॉल अवस्थेत एक तृतीयांश इलेक्ट्रॉनएवढा भार मोजला. २००० मध्ये ग्रनोबलच्या गटाने साधा धातू आणि अतिसंवाहक यांच्या छोट्या जंक्शनमध्ये दुप्पट झालेला शॉट नॉइज दाखवला. तिथलं कारण पूर्ण माहितीतलं आहे. गॅप म्हणजे अतिसंवाहकात एकट्या इलेक्ट्रॉनला जागा नसलेला ऊर्जेचा पट्टा; त्या गॅपपेक्षा कमी ऊर्जेचा एकटा इलेक्ट्रॉन अतिसंवाहकात शिरू शकत नाही. तो आणखी एकाला सोबत घेऊन कूपर जोडी (अतिसंवाहकातली इलेक्ट्रॉनांची जोडी) म्हणून आत जातो आणि मागे होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) परत येतो. याला अँड्रीव परावर्तन म्हणतात आणि त्यात प्रत्येक वेळी दोन इलेक्ट्रॉनांचा भार जातो.

ग्रनोबलच्या त्या प्रयोगात फॅनो फॅक्टर २ नव्हता. तो दोन तृतीयांशाच्या आसपास होता. शॉटकींचं सूत्र अपारदर्शक अडथळ्यासाठी आहे, जिथे ओलांडण्याची प्रत्येक घटना दुर्मीळ असते. वाहिनी, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जाण्याची वाट, पूर्ण खुली असेल तर इलेक्ट्रॉन एकामागून एक शिस्तीत जातात आणि नॉइज शून्याकडे उतरतो. इलेक्ट्रॉनांना विखुरणाऱ्या साध्या धातूच्या तारेत फॅनो फॅक्टर एक तृतीयांश असतो. अतिसंवाहक जोडल्यावर तो दुप्पट होऊन दोन तृतीयांश होतो. म्हणजे १ च्या खालचा आकडासुद्धा जोडीचा पुरावा ठरू शकतो आणि १ च्या वरचा आकडा कसलाच पुरावा नसू शकतो. तुलना नेहमी त्याच जंक्शनच्या साध्या (अतिसंवाहकता नसतानाच्या) अवस्थेशी करायची. पुस्तकातल्या आदर्श आकड्याशी केलेली तुलना इथे फसवी आहे.

दोन्ही बाजूंना अतिसंवाहक असेल तर मामला आणखी पुढे जातो. गॅपच्या आत, कमी व्होल्टेजला, एकच इलेक्ट्रॉन दोन्ही टोकांवर पुन्हा पुन्हा परावर्तित होतो आणि प्रत्येक खेपेला थोडी ऊर्जा गोळा करतो. गॅपची दुप्पट भरेपर्यंत हे चालतं. या साखळीत एका घटनेत जाणारा भार व्होल्टेज कमी करू तसा वाढत जातो. तीन, चार, त्याहूनही जास्त इलेक्ट्रॉनांचा. साक्लेच्या गटाने २००१ मध्ये अॅल्युमिनियमच्या अणुमात्र संपर्कांत हे अतिशय स्वच्छ दाखवलं. अॅल्युमिनियमइतका साधासरळ, पाठ्यपुस्तकी अतिसंवाहक दुसरा नाही! त्यामुळे गॅपच्या आत नॉइज खूप वाढला, एवढ्यावरून अपारंपरिक जोडीकडे उडी मारणं चूक आहे. अडथळ्याच्या थरात एखादं सूक्ष्म छिद्र असलं तरी हाच परिणाम दिसतो.

आता उष्णता. क्रांतिक तापमानाच्या वर जोड्या शोधायच्या तर हिच्याशी गाठ पडणारच. शून्य व्होल्टेजला जंक्शनमधला नॉइज पूर्णपणे औष्णिक असतो, जॉन्सन-नायक्विस्ट नॉइज. त्याची किंमत तापमान आणि वाहकता यांवरून ठरते. वाहणारा भार एकटा आहे की जोडीने, याचा तिथे पत्ताच लागत नाही. हा समतोलाचा मूलभूत नियम आहे आणि कितीही चांगला अँप्लिफायर आणला तरी त्याला वळसा घालता येत नाही. भार दिसू लागतो तो व्होल्टेज वाढवून विद्युत ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या पुढे नेल्यावर. एकट्या इलेक्ट्रॉनसाठी हा टप्पा ४.२ केल्विनला सुमारे ०.७ मिलिव्होल्टला येतो, ५० केल्विनला सुमारे ८.६ मिलिव्होल्टला. जोडीसाठी तो निम्म्या व्होल्टेजला येतो. ही निम्म्यावर येण्याची खूण मला स्वतःला फार मोलाची वाटते. नॉइजची उंची मापनातल्या अनेक चुकांनी बदलू शकते, पण औष्णिक भागाकडून शॉट नॉइजकडे वळण्याची जागा खोटी पाडणं कठीण असतं. आलेखाचा उतार आणि वळणाची जागा दोन्ही एकाच भाराकडे बोट दाखवत असतील, तर ते मापन ऐकण्यासारखं आहे.

एवढी तयारी झाल्यावर कॉपर ऑक्साइडचा प्रयोग पाहू. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातला डग्लस नॅटेल्सन यांचा गट आणि ब्रुकहेवन प्रयोगशाळेतला इव्हान बोझोविच यांचा गट यांनी मिळून तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. पदार्थ लँथॅनम-स्ट्रॉन्शियम-कॉपर ऑक्साइड. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांनी ज्या कुळात उच्च तापमानाची अतिसंवाहकता शोधली, त्याच कुळातला. वर आणि खाली हा अतिसंवाहक, मध्ये स्ट्रॉन्शियम नसलेल्या लँथॅनम कॉपर ऑक्साइडचा विद्युतरोधी थर. तिन्ही थर एकेक अणुस्तर रचत वाढवलेले. प्रयोगाचं अर्धं यश मला या नमुन्यांतच दिसतं. टनेलिंगच्या थरात (इलेक्ट्रॉन ज्या विद्युतरोधी अडथळ्याच्या आरपार जातात त्यात) छिद्रं असती तर पुढचं सगळं मापन निरर्थक झालं असतं.

त्यांनी व्होल्टेज आणि तापमान यांच्या पटावर नॉइज मोजला तेव्हा तीन वेगळे प्रदेश दिसले. अतिसंवाहक गॅपच्या प्रदेशापासून पुरेसं दूर गेल्यावर नॉइज एकेकट्या इलेक्ट्रॉनांच्या हिशोबाशी तंतोतंत जुळला. गॅपच्या खोल आत तो खूप वाढला, वर सांगितलेल्या वारंवार परावर्तनाची आठवण करून देणारा. आणि या दोन्हींच्या मध्ये, क्रांतिक तापमानाच्या वर आणि गॅपपेक्षा बऱ्याच मोठ्या व्होल्टेजपर्यंत पसरलेला एक रुंद पट्टा मिळाला, जिथे नॉइज एकट्या इलेक्ट्रॉनांना परवडणार नाही इतका जास्त होता. हा पट्टा स्यूडोगॅपच्या (याचा अर्थ लगेच पुढे येतो) क्षेत्रात आतपर्यंत जातो.

वाद कशावर होता ते सांगायला हवं, नाहीतर या पट्ट्याचं महत्त्व कळणार नाही. कॉपर ऑक्साइडांत क्रांतिक तापमानाच्या वरही इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत एक अर्धवट गॅप दिसते, तोच स्यूडोगॅप. एक मत असं की जोड्या आधीच तयार झाल्या आहेत, फक्त त्यांच्या कला (फेज, म्हणजे त्यांच्या लहरींचा ताल) एकमेकींशी जुळलेल्या नाहीत, म्हणून रोध शून्य होत नाही. दुसरं मत असं की ही गॅप भारघनतेच्या लहरींसारख्या वेगळ्याच, अतिसंवाहकतेशी स्पर्धा करणाऱ्या रचनेची आहे. वाहकतेच्या आलेखात दोन्ही गॅपच दिसणार. भार मोजला तरच निवाड्याकडे जाता येतं, आणि नॉइज भार मोजतो.

माझं मत विचाराल तर पहिला प्रदेश, जिथे काहीच विशेष घडलं नाही, तोच या प्रयोगाचा कणा आहे. त्याच नमुन्यात, त्याच तारांतून, त्याच अँप्लिफायरने एकट्या इलेक्ट्रॉनचं उत्तर बरोबर आलं, म्हणून मधल्या पट्ट्यावर विश्वास ठेवता येतो. मात्र त्या पट्ट्यातलं उत्तर अर्थ लावूनच वाचावं लागतं. प्रवाह एकटे आणि जोड्या यांचं मिश्रण आहे असं धरलं, तर उच्च व्होल्टेजला फॅनो फॅक्टरमधून १ वजा केला की प्रवाहातला जोड्यांचा वाटा मिळतो. १.३ म्हणजे प्रवाहाचा ३० टक्के भाग जोड्यांनी वाहिला. हे गृहीतक वाजवी आहे, पण आहे गृहीतकच. गॅपपेक्षा इतक्या मोठ्या व्होल्टेजलाही जोडी का तुटत नाही, हे मला त्या निष्कर्षातलं सर्वांत विचार करायला लावणारं अंग वाटतं. जोड्या असणं आणि अतिसंवाहकता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र त्यातून ठामपणे पुढे येतं.

याला दुसऱ्या बाजूने आधार मिळाला तो २०२१ मध्ये, नेदरलँड्समधल्या लायडनहून. मिलान अॅलन यांच्या गटाने स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाच्या टोकातूनच शॉट नॉइज मोजण्याची सोय केली. पदार्थ टायटॅनियम नायट्राइडचा अव्यवस्थित पातळ थर. त्यांना क्रांतिक तापमानाच्या दुपटीहून अधिक तापमानापर्यंत जोडीचा नॉइज मिळाला, तोही वाहकतेच्या आलेखात गॅप उरलेली नसताना. इथे पदार्थ अपारंपरिक नाही, जोडीमागची यंत्रणा ओळखीची आहे, म्हणून निष्कर्ष अधिक सरळ वाचता येतो. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधरी यांच्या गटाने निओबियम नायट्राइडच्या अव्यवस्थित थरांत क्रांतिक तापमानाच्या वर टिकणारा स्यूडोगॅप दाखवला आहे आणि त्यात कलेच्या चढउतारांची भूमिका तपासली आहे. ते काम टनेलिंग वर्णपट आणि चुंबकीय भेदनखोली यांच्या मापनांवर उभं आहे, नॉइजवर नाही. पण प्रश्न तोच आहे: जोड्या आधी तुटतात की आधी त्यांचा ताल सुटतो? या विषयात शिरणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी ते निबंध जरूर वाचावेत.

आता तुमचा १.६.

पहिली शंका मी गुणोत्तरावर घेईन. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष मोजला जातो तो व्होल्टेजमधला नॉइज, आणि त्याला जंक्शनच्या भेदरोधाच्या (व्होल्टेजच्या छोट्या बदलाला प्रवाहाच्या बदलाने भागून येणाऱ्या रोधाच्या) वर्गाने भागून प्रवाहातला नॉइज काढतात. अतिसंवाहक जंक्शनचा भेदरोध व्होल्टेजबरोबर झपाट्याने बदलतो. भेदरोधाची किंमत प्रत्यक्षापेक्षा सुमारे २१ टक्के कमी धरली गेली, तर फॅनो फॅक्टर १ असताना तुम्हाला १.६ दिसेल. म्हणून प्रत्येक व्होल्टेज बिंदूवर भेदरोध त्याच वेळी मोजलेला असायला हवा. सरासरी रोध वापरलेला असेल तर आकडा तिथेच बाद.

त्यालाच लागून तारांची धारकता. रोध १० किलोओहम आणि तारांची धारकता ५०० पिकोफॅरड असेल तर सुमारे ३२ किलोहर्ट्झच्या पुढे सिग्नल गळायला लागतो. रोध बदलला की ही सीमाही सरकते, म्हणजे वारंवारतेचा एकच पट्टा वेगवेगळ्या व्होल्टेजला वेगवेगळ्या गुणकाने मोजला जातो. खालच्या बाजूला वन-ओव्हर-एफ नॉइज (वारंवारता कमी होईल तसा वाढणारा नॉइज) बसलेला असतो. या दोघांच्या मधली खिडकी कधीकधी फार अरुंद राहते. म्हणूनच अनेक गट थंड अँप्लिफायर जंक्शनशेजारी ठेवतात आणि काही मेगाहर्ट्झला मोजतात.

वन-ओव्हर-एफ नॉइज ओळखायची सोपी रीत म्हणजे तो प्रवाहाच्या वर्गाने वाढतो, शॉट नॉइज प्रवाहाच्या प्रमाणात. नॉइज विरुद्ध प्रवाह हा आलेख वर वाकत असेल तर तुम्ही रोधातले चढउतार मोजत आहात. एखादा अडकलेला भार दोन अवस्थांत उड्या मारत असेल तर त्याचा नॉइजही शॉट नॉइजच्या वर जातो आणि हुबेहूब मोठ्या भारासारखा दिसतो. लायडनच्याच गटाने २०१८ मध्ये बिस्मथ कुळातल्या कॉपर ऑक्साइडच्या पृष्ठभागावर अशी ठिकाणं दाखवली, जिथे नॉइज खूप वाढतो आणि कारण जोडी नसून अडकणारा भार असतो. वारंवारता बदलून पाहा. शॉट नॉइज सपाट राहील, उड्यांचा नॉइज उतरेल.

अँप्लिफायरच्या स्वतःच्या नॉइजबद्दल विद्यार्थी घाबरतात, पण ती शिस्तीने सुटणारी अडचण आहे. एकच सिग्नल दोन स्वतंत्र अँप्लिफायर साखळ्यांतून घ्या आणि सहसंबंध काढा, म्हणजे दोघांचा आपापला नॉइज सरासरीत मावळत जातो. १०० किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा आणि १०० सेकंदांची सरासरी घेतली तर एकूण नॉइजची किंमत ०.०३ टक्क्यांच्या आसपास नेमकी कळते. शॉट नॉइज एकूणाच्या शंभरावा भाग असला तरी तो ३ टक्क्यांपर्यंत कळला. घाई केली नाही तर हे जमतं.

अंशांकनासाठी, म्हणजे मापन खरं येतंय ना हे पडताळण्यासाठी, दोन गोष्टी कराच. शून्य व्होल्टेजला वेगवेगळ्या तापमानांना औष्णिक नॉइज मोजा, तो तापमान आणि त्या वेळची वाहकता यांच्या गुणाकाराच्या सरळ प्रमाणात यायला हवा. आणि गॅपच्या कितीतरी बाहेर, टनेल जंक्शन असेल तर, फॅनो फॅक्टर १ यायला हवा. चुंबकीय क्षेत्राने अतिसंवाहकता घालवता येण्यासारखा पदार्थ असेल तर क्षेत्र लावून गॅपच्या व्होल्टेजलासुद्धा १ मिळतो का ते पाहा. ही तिन्ही मापनं जागेवर बसली आणि तरीही गॅपच्या आत १.६ टिकून राहिला, तर तुम्ही दोन इलेक्ट्रॉनांचा भार पाहिला असं म्हणायला जागा आहे. त्यापुढचा शब्द "अपारंपरिक" अजूनही वापरता येणार नाही, कारण गॅपच्या आत दोन इलेक्ट्रॉनांचा भार अॅल्युमिनियमसुद्धा देतो.

सममितीसाठी वेगळी मापनं लागतात, ज्यांत जोडीची कला थेट कळते. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या स्फटिकाच्या कोपऱ्यावर जंक्शन जोडून कलेतला फरक पाहिला, आणि १९९४ मध्ये आयबीएममध्ये त्सुएइ आणि कर्टली यांनी तीन स्फटिकांच्या सांध्यावरच्या कड्यांत अर्धा फ्लक्स क्वांटम (अतिसंवाहक कड्यातल्या चुंबकीय फ्लक्सच्या एककाचा अर्धा भाग) मोजला. डी-सममितीचा निर्णायक पुरावा या घराण्यातून आला. नॉइज इथे सोबतीला येऊ शकतो. डी-सममितीच्या पदार्थाला ४५ अंशांत कापलेल्या पृष्ठभागावर शून्य ऊर्जेच्या बद्ध (पृष्ठभागाशीच अडकलेल्या) अवस्था तयार होतात, त्या वाहिनी खुली करतात, आणि सिद्धांतानुसार तिथे नॉइज कमी व्हायला हवा. म्हणजे एकाच पदार्थात कापाची दिशा बदलून नॉइज कसा बदलतो हे पाहिलं, तर सममितीबद्दल काही बोलता येईल. एका दिशेच्या एका जंक्शनवरून नाही.

नॉइज एखादा मोठा दावा पुढे ढकलतो तसा त्याला मर्यादाही घालतो, याचं एक प्रामाणिक उदाहरण २०२३ मधलं आहे. लोह, टेल्युरियम आणि सेलेनियम असलेल्या अतिसंवाहकातल्या भोवऱ्यांत (चुंबकीय क्षेत्र जिथे आत शिरतं त्या जागांत) शून्य ऊर्जेच्या अवस्था दिसतात आणि त्या मायोराना अवस्था (स्वतःच स्वतःचा प्रतिकण असणाऱ्या कणांसारख्या) असाव्यात असं मांडलं गेलं होतं. लायडनच्या गटाने तिथला शॉट नॉइज मोजला. उत्तर एका इलेक्ट्रॉनचा भार असं आलं. त्यातून यू-शिबा-रुसिनोव प्रकारच्या (चुंबकीय अशुद्धीमुळे तयार होणाऱ्या) अवस्थांची शक्यता बाद झाली, पण मायोराना आणि साध्या भोवरा-अवस्था या दोन्ही शक्यता शिल्लक राहिल्या, आणि त्यांनी निबंधात तसंच लिहिलं.

तीन टोकांच्या जंक्शनची सोय तुमच्याकडे असेल तर आणखी एक वाट आहे. दोन वेगळ्या टोकांवरच्या नॉइजचा परस्परसंबंध पाहायचा. साध्या इलेक्ट्रॉनांसाठी तो ऋण असतो, एकाच जोडीचे दोन इलेक्ट्रॉन दोन वाटांनी गेले तर धन होऊ शकतो. वाइझमन संस्थेत २०१२ मध्ये जोड्या अशा फोडून दाखवल्या, आणि २०१८ मध्ये तिथेच तीन अतिसंवाहक टोकांच्या जंक्शनमध्ये चार इलेक्ट्रॉनांच्या चौकडीचा प्रवाह अशाच परस्परसंबंधातून ओळखला. तिथे एका आकड्यावर विसंबावं लागत नाही, चिन्हच बोलतं.

तूर्त तुम्ही भेदरोधासकट संपूर्ण मापन पुन्हा घ्या. गॅपच्या तिप्पट-चौपट व्होल्टेजपर्यंत जा, निदान चार तापमानं घ्या आणि त्यांतलं एक क्रांतिक तापमानाच्या स्पष्ट वर असू द्या. नॉइज विरुद्ध व्होल्टेज आलेखातली वळणाची जागा एका इलेक्ट्रॉनच्या आणि दोन इलेक्ट्रॉनांच्या वक्राशी ताडून पाहा. मग प्रबंधात "मोजलेला प्रभावी भार" असा शब्द वापरा आणि त्याच्याशेजारी त्याच जंक्शनचा साध्या अवस्थेतला आकडा छापा.